सकाळच्या कपभर चहाने ऑपरेशन का थांबतं? भूल समजून घेताना

गेल्या वर्षी बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची वेळ सकाळी साडेआठची ठरली होती. आदल्या रात्री सिस्टरने बजावलं होतं, बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही. बाबा पंच्याहत्तरीचे. पहाटे उठून चहा घ्यायची सवय पन्नास वर्षांची. सहाच्या सुमारास खालच्या टपरीवरून चहा आला, सोबत दोन बिस्किटं. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "काका, सकाळपासून पोटात काही गेलंय का?" बाबांनी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

घरचे सगळे वैतागले. काका गावाहून रजा टाकून आले होते, रक्ताची सोय झाली होती, डबे ठरले होते. बाबांचा मुद्दा तर बिनतोड वाटत होता: "मला कमरेखालचंच बधिर करणार होते ना? मग पोटातल्या चहाचा काय संबंध?"

या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते एका वाक्यात सांगितलं की पटत नाही. त्यासाठी भूल म्हणजे काय, ती आली कुठून आणि ती देणारा माणूस ऑपरेशनभर काय करत असतो, हे थोडं मुळापासून बघावं लागतं.

भूल म्हणजे झोप का?

मराठीत 'भूल' हा शब्द जुना आहे. रानात वाट विसरायला लावते ती भूल, रूपाची पडते तीही भूल. औषधाने माणसाला स्वतःचा विसर पडतो म्हणून तोच शब्द इथेही आला. पण आपण बोलताना "भूल चढली, झोप लागली" असं म्हणतो आणि तिथेच गफलत होते. झोपलेल्या माणसाला चिमटा काढा, तो उठतो. डास चावला तर कूस बदलतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडलं तरी तो उठत नाही. ती झोपेपेक्षा बेशुद्धीच्या जवळची अवस्था आहे, फक्त ठरवून आणलेली आणि परत फिरवता येणारी.

वेदनेचा प्रवास असा समजा. गावात काहीतरी घडलं, तक्रार तलाठ्याकडे गेली, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी मंत्रालयात. बोट कापलं की बोटाजवळची मज्जातंतूची टोकं तक्रार नोंदवतात, ती मज्जातंतूतून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथून मेंदूत. "दुखतंय" हे मेंदूत कळतं, बोटात नाही.

आता ही तक्रार तीन ठिकाणी अडवता येते. दाताच्या डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली की ती गावातच थांबते. ही जागेपुरती भूल. पाठीत, मणक्याजवळ इंजेक्शन दिलं की तालुक्याला जाणारा रस्ता बंद होतो आणि कमरेखालच्या सगळ्या गावांची तक्रार एकदम अडते. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे पूर्ण भुलेत, तक्रार पोहोचते पण मंत्रालय बंद असतं. ऐकणारं कुणी नसतं. तरी शरीर खालच्या पातळीवर प्रतिसाद देतच असतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. म्हणूनच पूर्ण भुलेत बेशुद्ध करणाऱ्या औषधासोबत वेदनाशामकही द्यावं लागतं आणि बऱ्याचदा स्नायू सैल करणारं तिसरं औषधही. एका इंजेक्शनचं हे काम नाही.

भूल नव्हती तेव्हा माणसं काय करत होती?

सोसत होती. दुसरं उत्तर नाही.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या आधी काय करावं ते सांगितलं आहे. रुग्णाला आधी जेवू घालावं आणि ज्याला वेदना सोसत नाही, पण मद्याची सवय आहे, त्याला तीक्ष्ण मद्य पाजावं. कारणही दिलं आहे: अन्न पोटात असलं की तो मूर्च्छित होत नाही आणि मद्य चढलेल्याला शस्त्र कळत नाही. म्हणजे आजच्या नेमकं उलट. आपण उपाशी ठेवतो, सुश्रुत जेवू घालत होते. त्या काळी रुग्णाला जागं राहून सोसायचं होतं, त्यामुळे त्याच्या अंगात बळ हवं होतं. आज त्याला सोसायचं नाही, म्हणून नियम फिरला. उलटे वाटणारे दोन्ही सल्ले आपापल्या जागी शहाणे आहेत.

पुण्याजवळची एक शस्त्रक्रिया जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदली गेली आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका कारागीर वैद्याने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो उलगडून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मधली पट्टी मात्र तशीच राहू दिली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहावा. कातडी पीळ देऊन खाली आणली, नाकाच्या जागी बसवली, वर काताच्या पाण्याने भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह ही हकिकत छापून आली. पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तीच रीत लंडनमध्ये वापरली. त्या वैद्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला दर वेळी चुटपुट लागते. आणि तो गाडीवान कपाळाची कातडी सोलली जाताना निश्चल कसा पडून राहिला असेल, हा विचार मनातून जात नाही.

फॅनी बर्नी ही इंग्रज लेखिका 1811 मध्ये पॅरिसमध्ये राहत होती. स्तनाच्या गाठीसाठी तिची शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्यातला प्रसिद्ध सर्जन लारे त्यात होता. भूल म्हणून मिळाला मद्यमिश्रित औषधाचा एक पेला. तोंडावर पातळ रुमाल टाकला होता, त्यातून तिला पोलादाची चमक दिसली. वीसेक मिनिटांच्या त्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळ ती शुद्धीवर होती. पुढे बहिणीला पत्रातून हे सगळं कळवताना तिला महिने लागले, कारण आठवलं की हात थांबायचा. ती त्यानंतर 29 वर्षं जगली. शस्त्रक्रिया यशस्वी होती.

यावरून तेव्हाचं ऑपरेशन कसं होतं ते समजतं. चांगला सर्जन म्हणजे वेगवान सर्जन. लंडनचा रॉबर्ट लिस्टन मांडीतून पाय अर्ध्या मिनिटाच्या आसपास कापायचा. घाई हाच दयेचा एकमेव प्रकार होता. पोट, छाती, डोकं उघडून निवांत काम करणं तर जवळजवळ अशक्यच. आज आपल्याला साधं वाटणारं अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा भुलेशिवाय कल्पनेबाहेरचं होतं.

मग भूल शोधली कुणी?

या प्रश्नावरून अमेरिकेत मोठी भांडणं झाली, पण सुरुवात जपानपासून करायला हवी. हानाओका सेइशू या जपानी वैद्याने 13 ऑक्टोबर 1804 रोजी साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनाची गाठ पूर्ण भुलेखाली काढली. त्याचं औषध तोंडाने घ्यायचं होतं आणि त्यात मुख्य होता धोतरा, सोबत बचनाग. आपल्याकडे महादेवाला वाहतात तोच धोतरा, आणि बचनाग तर विषच. प्रमाण सापडायला त्याला वीसेक वर्षं लागली आणि त्या प्रयोगांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली. पण जपानची दारं तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होती आणि शिष्यांना गुप्ततेची शपथ होती. शोध बेटातच राहिला.

पश्चिमेकडे औषध हाताशी होतं, ते कशासाठी वापरायचं हे सुचत नव्हतं. हम्फ्री डेव्हीने 1800 मध्येच लिहिलं होतं की नायट्रस ऑक्साइड या वायूने वेदना जाते, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल. पुढची चार दशकं लोकांनी तो हुंगून हसण्याचे खेळ केले. त्याचं नावच पडलं हास्यवायू. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात 10 डिसेंबर 1844 ला असाच एक तिकीट लावून खेळ झाला. वायू हुंगलेला एक तरुण धडपडला, पायाला चांगलंच लागलं, आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत बसलेला दंतवैद्य होरेस वेल्स तेवढं बघून उठला. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही.

काही आठवड्यांनी बोस्टनमध्ये मोठ्या डॉक्टरांपुढे त्याने प्रयोग दाखवला. वायूची पिशवी जरा लवकर काढली गेली, रुग्ण ओरडला, आणि सभागृहाने वेल्सला भोंदू ठरवलं. तो खचला. 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला, तेव्हा तो 33 वर्षांचा होता.

त्याचा जुना सहकारी विल्यम मॉर्टन याने इथर हे द्रव्य घेतलं. 16 ऑक्टोबर 1846, बोस्टनचं मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. मॉर्टन उशिरा पोहोचला, कारण इथर हुंगायचं काचेचं उपकरण शेवटपर्यंत दुरुस्त होत होतं. रुग्णाच्या मानेवर गाठ होती. तो हुंगत हुंगत गप्प झाला आणि सर्जन वॉरनने सुरी चालवली. शुद्धीवर आल्यावर रुग्ण म्हणाला, मान कुणीतरी खरवडल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. तोच दिवस आता जागतिक भूल दिन म्हणून पाळतात. खरं तर जॉर्जिया राज्यातल्या क्रॉफर्ड लाँग या खेडेगावच्या डॉक्टरने चार वर्षं आधी, मार्च 1842 मध्ये, इथर देऊन गाठ काढली होती. पण ते त्याने छापलं 1849 मध्ये.

माझ्या मते शोधाचा मान वेल्सला द्यायला हवा. ज्याने खेळ बघताना वेदनेचा विचार केला, तो तो होता.

बातमी जहाजाने लंडनला पोहोचली आणि 21 डिसेंबर 1846 ला त्याच वेगवान लिस्टनने इथरखाली एकाचा पाय कापला. रुग्ण शुद्धीवर येऊन म्हणाला, कधी सुरू करणार? मला नाही जमायचं, परत न्या. त्याला कापून उरलेला पाय दाखवला तेव्हा तो रडू लागला. पुढच्याच वर्षी इथर कलकत्त्यालाही पोहोचलं होतं. त्या काळच्या मानाने हा वेग अचाट आहे.

"वेदना देवाने दिली आहे, ती मारायची कशाला?"

हा आक्षेप तेव्हा खरोखर घेतला गेला. एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सनने नोव्हेंबर 1847 मध्ये क्लोरोफॉर्म स्वतः हुंगून पाहिलं आणि बाळंतिणींना द्यायला सुरुवात केली. बायबलमधल्या वचनाचा दाखला देऊन बाईने कळा सोसल्याच पाहिजेत, असं म्हणणारे होते. सिम्प्सनने बायबलमधूनच उत्तर दिलं: देवाने आदमची बरगडी काढण्याआधी त्याला गाढ झोपवलं होतं. वाद शमला तो 7 एप्रिल 1853 ला, जेव्हा राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नो या डॉक्टरकडून क्लोरोफॉर्म घेतलं.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे आणि आजही आपल्या घरात ऐकू येतो: थोडं दुखणं चांगलं असतं, सोसायला शिकावं. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याच्या मुख्य डॉक्टरने हेच म्हटलं होतं. सुरीची कळ शरीराला चेतवते, तेव्हा जखमी सैनिकांना क्लोरोफॉर्म देऊ नये, असा त्याचा सल्ला.

वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हे अगदी खरं. तवा गरम आहे हे तीच सांगते. पण चोर पकडून झाल्यावरही पहारेकरी रात्रभर ओरडत राहिला तर घरातल्यांनाच आजार होईल. ऑपरेशनची जखम ठरवून केलेली असते, तिच्याबद्दल सावध करण्यासारखं काही नसतं. उलट, पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. दुखण्याने नाडी आणि रक्तदाब चढलेला राहतो, आणि तो आधीच थकलेल्या हृदयाला झेपत नाही. तेव्हा ऑपरेशननंतर सिस्टरला "दुखतंय" म्हणून सांगणं हा नाजूकपणा नाही.

या आक्षेपाची सगळ्यात मोठी किंमत तान्ह्या बाळांनी मोजली. नवजात बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ अपुरी असते, त्याला वेदना मोठ्यांसारखी कळत नाही, आणि भुलेचा त्याला धोकाच जास्त, अशी समजूत विसाव्या शतकात खोल रुजली होती. त्यामुळे 1980 च्या दशकापर्यंत अनेक प्रगत रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं औषध आणि थोडासा हास्यवायू एवढंच मिळायचं. काही वेळा तर तेवढंही नाही. स्नायू सैल, म्हणजे हलता येत नाही, रडता येत नाही. 1985 मध्ये अमेरिकेत एका आईला आपल्या बाळाच्या छातीचं ऑपरेशन असं झाल्याचं नंतर कळलं, आणि तिने ते जगासमोर आणलं. त्याच सुमारास भारतातून ऑक्सफर्डला शिकायला गेलेले कंवलजीत सिंग आनंद एक साधी गोष्ट बघत होते: ऑपरेशनहून परत येणारी बाळं इतकी खालावलेली का असतात? त्यांनी काही बाळांना नेहमीच्या औषधांसोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, काहींना नेहमीचंच ठेवलं, आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. 1987 मध्ये निष्कर्ष छापून आले. वेदनाशामक मिळालेल्या बाळांवर ताण कमी होता आणि गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर जगभर पद्धत बदलली. म्हणजे ही काही राणी व्हिक्टोरियाच्या काळातली गोष्ट नाही. आज चाळिशीत असलेल्यांच्या जन्मावेळची आहे.

औषध सापडलं, मग धोका उरला कुठे?

क्लोरोफॉर्मला गोडसर वास, इथरसारखा ठसका नाही, रुमालावर टाकून देता येतं. सगळीकडे तेच चालू झालं. आणि 28 जानेवारी 1848 ला इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दोन-तीन मिनिटांत मेली. चौकशीत कारण ठरलं क्लोरोफॉर्म.

अशा मृत्यूंवर पन्नासहून जास्त वर्षं वाद चालला. श्वास आधी थांबतो की हृदय? या वादाचं एक मोठं पर्व आपल्या शेजारी घडलं. आजचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी हा सर्जन हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म देत होता. त्याचं ठाम मत: श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे बघू नका. निजामाने पैसा दिला आणि 1888 व 1889 मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. त्याच रुग्णालयात रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर भूल देत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात.

आयोगाने लॉरीच्या बाजूने कौल दिला. तो अर्धाच बरोबर निघाला. 1911 मध्ये गुडमन लेव्हीने दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना हृदय अचानक फडफडू लागून बंद पडतं. पण "श्वास बघा" हा लॉरीचा आग्रह टिकला आणि टिकायलाच हवा होता. एकाच मापाचं औषध माणसागणिक वेगळं लागतं, म्हणून ज्याला दिलं त्याच्याकडे कुणीतरी सतत बघत राहायला हवं. भूलतज्ज्ञ हा स्वतंत्र डॉक्टर असायला हवा, हे या मृत्यूंनी शिकवलं.

आता चहाकडे येऊ

पाणी पिताना एखादा थेंब श्वासनलिकेकडे गेला की जोराचा ठसका लागतो. हा ठसका आपला राखणदार आहे. फुप्फुसात हवेशिवाय काही जाऊ देत नाही. भुलेत तोही निजतो. शिवाय अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू सैल पडतो. आता पोट भरलेलं असेल तर आतलं अन्न आणि आम्ल आवाज न करता वर येतं आणि सरळ फुप्फुसात उतरतं. कर्टिस मेंडेल्सन या डॉक्टरने 1946 मध्ये न्यूयॉर्कमधल्या 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. 66 जणींच्या फुप्फुसात भुलेत पोटातलं गेलेलं होतं. उपाशी ठेवण्याचा आजचा नियम पक्का झाला तो तिथून.

साधारण हिशेब असा: साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार तास, हलकं खाणं सहा तास, तेलकट-तुपकट किंवा मटण असेल तर आठ. आपला चहा दुधाचा. दूध पोटातल्या आम्लात जाऊन फाटतं, घट्ट होतं, म्हणून ते पाण्यात नाही, खाण्यात धरतात. बाबांचा चहा सहाचा, ऑपरेशन साडेआठचं. हिशेब जमत नव्हता. (तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा, मधुमेह असला किंवा पोट हळू रिकामं होत असलं तर गणित बदलतं.)

आणि कमरेखालचंच बधिर करायचं होतं तरी? पाठीतलं इंजेक्शन कधी कधी पुरेसं चढत नाही, किंवा ऑपरेशन लांबतं, रक्तदाब घसरतो. अशा वेळी मिनिटभरात पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा कुणाला चार तास थांबायला सवड नसते.

"तोंड उघडा, जीभ बाहेर काढा" हे कशासाठी?

बाबांना हेही विचित्र वाटलं होतं. ऑपरेशन हर्नियाचं आणि बघतात तोंड. पूर्ण भुलेत स्नायू सैल करणारं औषध दिलं, की श्वासाचे स्नायूही थांबतात. 1942 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे औषध पहिल्यांदा नीट वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते विष. त्यामुळे कमी भुलेत पोट मऊ राहू लागलं, पण श्वास डॉक्टरांना चालवावा लागू लागला. त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. ती सहज जाईल का, याचा अंदाज घ्यायची सोपी रीत 1985 मध्ये शेषगिरी मल्लमपती यांनी मांडली. मूळचे आंध्रचे, काम बोस्टनमध्ये. तोंड उघडल्यावर पडजीभ किती दिसते, त्यावरून त्यांनी तीन वर्ग केले, चौथा पुढे इतरांनी जोडला. जगातला प्रत्येक भूलतज्ज्ञ आज मल्लमपतींचं नाव केसपेपरवर लिहितो.

आपल्याकडे या तपासणीला जास्तच अर्थ आहे. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून कडक होत जातात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. तिथे नळी घालणं जिकिरीचं होतं. दारू रोज घेणाऱ्याला औषधाचं प्रमाण वेगळं लागतं. म्हणून हे प्रश्न विचारतात, आणि म्हणून उत्तर खरं द्यायचं, सून किंवा सासरे शेजारी उभे असले तरी. लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवायला सांगा.

मध्येच जाग आली तर? आणि पाठीतल्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते का?

जाग येणं घडतं, पण क्वचित. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये मोठी पाहणी झाली, तिच्यात साधारण 19,000 पूर्ण भुलांमागे एकाने जाग आल्याचं सांगितलं होतं. ज्यांना स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं त्यांच्यात हे जास्त, कारण त्यांना हालचाल करून सांगता येत नाही. आज भूलतज्ज्ञ सतत नाडी, रक्तदाब, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि रक्तातला ऑक्सिजन बघत असतात. कोविडमध्ये घराघरात आलेला ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, तो याच कामातला. त्यामागची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींनी 1974 मध्ये शोधली.

पाठीच्या इंजेक्शनचा किस्सा 1898 चा. जर्मनीत ऑगस्ट बिअर आणि त्याचा सहायक यांनी एकमेकांच्या मणक्यात कोकेन टोचायचा प्रयोग केला. सहायकाच्या नडगीवर हातोडी मारली, चटके दिले, त्याला काही कळलं नाही. बिअरचं मात्र डोकं पुढे नऊ दिवस दुखत राहिलं, कारण सुईच्या भोकातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपलं होतं. आजच्या सुया केसासारख्या बारीक, त्यामुळे तसं डोकं दुखणं बरंच कमी झालं आहे. टोचल्या जागी काही दिवस हुळहुळतं. सिझेरियननंतर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीचा दोष मात्र या सुईला देता येत नाही. बाळंतपणात सैलावलेले सांधे, वाकून बाळाला उचलणं आणि पाजणं, न झालेला व्यायाम, हे सगळं तिथे असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा साडेसहाला नुसते बसून होते. चहा मागितला नाही. पाठीत इंजेक्शन झालं, पाय जड झाले, समोर हिरवा पडदा लागला. त्या डॉक्टर ऑपरेशनभर त्यांच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "काका, काही होतंय का? मळमळतंय का?" मध्ये त्यांनी गाव कोणतं विचारलं, ऊस किती लावलाय विचारलं. बाबा उत्तर देत होते आणि पडद्यापलीकडे काम चालू होतं. बाहेर आल्यावर ते आम्हाला म्हणाले, "कुणीतरी आतून ओढतंय एवढं कळत होतं. दुखत काहीच नव्हतं."